माहिती अधिकार: दुसरं अपील करायचं की तक्रार?

गावाकडच्या एका काकांनी रोजगार हमी योजनेतल्या (रोहयो) विहिरीचा हजेरीपट मागितला. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, हातात पोच. 30 दिवस उलटले, उत्तर नाही. त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबाकडे पहिलं अपील केलं, तिथंही सामसूम. मग चहाच्या टपरीवर सल्ला मिळाला, "काका, अपिलाच्या नादी लागू नका. थेट कलम 18 ची तक्रार ठोका, साहेबाच्या पगारातून दंड कापतेत."

काकांनी ठोकली. तारीख लागली, साहेबाला खुलासा मागितला गेला. हजेरीपट मात्र आला नाही, आणि कायद्यानं तो तिथून येणारही नव्हता.

मराठवाड्यातली दुसरी अपिलं आणि तक्रारी दोन्ही राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडेच जातात, म्हणून गल्लत होते. त्यात 'तक्रार' हा शब्द कानाला जास्त जोरकस लागतो! पण तक्रारीत आयोग चौकशी करतो, दोष दिसला तर दंड लावतो; माहिती द्या, असा आदेश काढू शकत नाही. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच हे स्पष्ट केलं. कागद हवा असेल तर कलम 19(3) चं दुसरं अपील.

अपिलातही दंड मागता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. कलम 20 चा दंड, रोजचे 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000, तक्रार असो वा अपील, दोन्हींत लागू शकतो. शिवाय माहिती नाकारणं योग्य होतं हे अपिलात अधिकाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. (पहिलं अपील दाबून बसणाऱ्या साहेबाला मात्र कलम 20 हात लावत नाही. कायद्यातलं खरं भगदाड हे.)

मग तक्रार कधी? अर्जच घेत नाहीत, माहिती अधिकारीच नेमलेला नाही, किंवा कागद हाती आलाय पण खोटी माहिती देणाऱ्याला धडा शिकवायचाय, तेव्हा.

तक्रारीला कायद्यात मुदत लिहिलेली नाही, दुसऱ्या अपिलाला आहे: 90 दिवस. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण काकांनी तो वाद घातला नाही. नवा अर्ज दिलाय. यावेळी वेळ आलीच तर दुसऱ्या अपिलात मागण्या दोन असतील: मुदत उलटल्यामुळे हजेरीपटाची प्रत कलम 7(6) प्रमाणे मोफत द्यावी आणि कलम 20 खाली दंड करावा.