शिकवणं अवघड झालंय की शिक्षकाची नोकरी?

‘पूर्वीचे गुरुजी साठ-साठ पोरं सांभाळायचे, आताच्यांना तीस जड जातात.’ नाशकात लग्नाच्या पंगतीपासून गोल्फ क्लबच्या ट्रॅकपर्यंत हे ऐकून कान किटले. त्यावर आजचे शिक्षक सरकारी पोर्टलवर माहिती भरण्याचं रडगाणं सुरू करतात. खोटं कुणीच बोलत नाही. पण एक जण बोलतो शिकवण्याबद्दल आणि दुसरा शिक्षकाच्या नोकरीबद्दल.

नोकरीचं सगळ्यांना ठाऊक आहे. यू-डायस म्हणजे शाळेची सरकारला द्यायची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओची म्हणजे मतदार याद्यांची ड्युटी, ग्रुपवर ‘आजच्या आज’ मागितलेली माहिती. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळतं. जनगणना पूर्वीही होती, कुटुंब नियोजनाच्या केसेस आणायलाही मास्तरांनाच पिटाळत. पण ते काम कधीतरी संपायचं. आता फोन खिशात, म्हणून रात्री दहालाही संपत नाही. नोकरी अवघड झाली, यावर वाद नको.

गफलत होते ती शिकवण्याच्या बाबतीत. साठ पोरं होती, पण कोणती साठ? ज्याला जमत नसे तो मार खायचा, नापास व्हायचा, पुन्हा नापास व्हायचा आणि एक दिवस गुरांमागे नाहीतर द्राक्षबागेत दिसायचा. सातवीपर्यंत पोचायची ती बहुतेक तग धरलेली. गुरुजी चांगले होतेच, पण वर्गातली सगळ्यात अवघड पोरं त्यांच्यासमोर फार दिवस बसलीच नाहीत. हे कुणी मोजत नाही.

1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत मागे ठेवणं, नाव काढणं, मारणं बंद झालं. (परीक्षाच बंद झाल्या असं छातीठोक सांगणारे अजून भेटतात. बंदी मागे ठेवण्यावर होती, परीक्षेवर नव्हे. आणि 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत फेरपरीक्षेनंतर मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली.) म्हणजे पूर्वी गळायचा तो मुलगा आता सहावीत बसलाय. त्याला हातच्याची वजाबाकी येत नाही आणि फळ्यावर अपूर्णांक चाललेत. त्याच्या शेजारची मुलगी क्लासमध्ये तोच धडा आधीच करून आलीय. एका तासिकेत दोघांना शिकवायचं, ही शिकवण्यातली अडचण. उद्या सगळी पोर्टलं बंद पडली तरी ती तसूभर कमी होणार नाही.

सगळ्याच अडचणी नव्या आहेत असंही नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं पोर पहिलीत मराठीचं पुस्तक उघडतं. तिथल्या शिक्षकाची पंचाईत 1975 सालीही हीच होती.

दोन्ही एकत्र कालवल्यामुळे औषधं भलत्याच दुखण्याला लागतात. शिक्षक कामानं पिचला की त्याला प्रशिक्षण, मुलांना वाचता येत नसलं की नवं ॲप. मला सगळ्यात चीड येते ती या प्रशिक्षणांची: दोनशिक्षकी शाळेतला एक जण तिकडे गेला की उरलेल्यानं चारही वर्ग हाकायचे, आणि वर हजेरीचा फोटो टाकायचा.

मला विचाराल तर माहिती भरायला प्रत्येक केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक कारकून नेमा, आणि शाळेतला सर्वांत मुरलेला शिक्षक सातवीला न देता पहिलीला द्या.