दहाचा बोल्ट, सतराचा पाना

"दहाचा बोल्ट आहे, दहाचा पाना द्या." हार्डवेअरच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. दहाचा पाना बसतो तो सहाच्या बोल्टला. एम 10 म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास 10 मि.मी. पान्यावरचा आकडा मात्र डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर सांगतो. एम 10 साठी हे अंतर जुन्या जर्मन डिन मानकात 17 होतं, आयएसओने ते 16 केलं, आणि जपानी घडणीच्या गाड्यांवर त्याच बोल्टला बहुतेकदा 14 चं डोकं असतं. आटे तेच, पाने तीन. सेटमधला 16-17 चा फिक्स पाना (उघड्या जबड्यांचा) हातात घ्या, त्याची दोन्ही टोकं एम 10 चीच आहेत. 18-19 ची दोन्ही एम 12 ची.

"एखादा मिलिमीटर इकडेतिकडे, काय बिघडतं?" इथे शाळेतला षट्कोन आठवावा लागतो. 13 च्या नटाचं कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर 13 गुणिले 1.155, म्हणजे जेमतेम 15 मि.मी. 15 चा पाना त्यावर नुसता गरगरा फिरेल. म्हणजे घट्ट पकड आणि शून्य पकड यांच्यात अंतर आहे फक्त 2 मि.मी.चं. पाना अर्धा मिलिमीटर सैल असला तर तो नटाला भिडण्याआधी साधारण 4 अंश रिकामा फिरतो, एक मिलिमीटर सैल असला तर 9 अंश.

आता खरी गंमत. फिक्स पान्याचे जबडे नटाला दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांपाशी ढकलतात. नट फिरवायला उपयोगी पडतं ते त्या जोराच्या रेषेचं नटाच्या केंद्रापासूनचं लंबांतर. नेमक्या मापाच्या पान्यात 13 च्या नटासाठी हे अंतर 3.75 मि.मी. असतं. 9 अंश ढळलेल्या पान्यात ते 2.7 वर येतं. नट सोडवायला लागणारं पीळबल (टॉर्क) तर तेवढंच आहे, तेव्हा कोपऱ्यावरचा जोर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतो. कोपरा दबला की पाना आणखी ढळतो, लंबांतर आणखी घटतं, जोर आणखी वाढतो. नट "गोल होतो" तो असा, आणि एकदा सुरुवात झाली की फार पटकन. नटाला सगळीकडून वेढणारा रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट) वापरली की तोच जोर दोनऐवजी सहा कोपऱ्यांत वाटला जातो, म्हणून गंजलेल्या नटाला फिक्स पाना लावूच नये.

स्प्रिंगवरच्या पिनांची "कुठल्याही नटाला चालणारी" एक गोटी जाहिरातींत जोरात चालते. हलक्या कामाला ती ठीक. पण पिना नटाभोवती मोकळ्या उभ्या असतात, बाजूंना सपाट आधार देत नाहीत. चाकाच्या नटावर तिचा चमत्कार दाखवणाऱ्याने आधी वरचं गणित करून पाहावं.

इंचांच्या घराण्यात घोळ आणखी जुना आहे. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचं पहिलं सर्वमान्य माप सुचवलं, आट्याच्या दोन उतारांमधला कोन 55 अंश. 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंश सुचवला. व्हिटवर्थच्या पान्यावर डोक्याचं नाही, बोल्टच्या व्यासाचं माप लिहितात. त्यामुळे "1/4 डब्ल्यू" पान्याचं तोंड असतं 13.3 मि.मी., आणि त्याच तोंडाजवळ "5/16 बीएस" (बारीक आट्यांच्या ब्रिटिश बोल्टचं माप) असंही कोरलेलं असतं. जुन्या बुलेटच्या मिस्त्रीकडे असे पाने अजून सापडतील. नशीब म्हणून काही मापं जुळतात: पाऊण इंच म्हणजे 19.05 मि.मी., तिथे 19 चा पाना खुशाल चालतो. अर्धा इंच म्हणजे चार सूत, 12.7 मि.मी. 13 चा लावाल तर अडीच अंश ढळ आलीच.

पण पाना बसला म्हणजे आटे जुळले असं नाही. एम 8 चा बोल्ट आणि 5/16 इंची यूएनसी (अमेरिकी जाड आट्यांचा) नट घ्या. व्यास 8 आणि 7.94, डोळ्याला फरक कळणार नाही. एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मात्र 1.25 आणि 1.41 मि.मी. प्रत्येक आट्याला 0.16 चा फरक साठत जातो, चौथ्या आट्यापर्यंत तो जवळजवळ अर्ध्या आट्याएवढा होतो. दोनतीन फेरे गेल्यावर अडकतं, आणि तिथे लोक "गंज असेल" म्हणून पान्यावर पाइप चढवतात. पाव इंची व्हिटवर्थ आणि यूएनसी तर याहून फसवे: दोघांचे इंचाला 20 आटे, फक्त कोन वेगळा. अर्ध्या इंचावर मात्र 12 आणि 13, तिथे लगेच पकडले जातात.

व्हिटवर्थ इतिहासजमा झाला असं समजू नका. आपल्या घरातल्या नळाचे आटे त्याच 55 अंशांचे, इंचाला 14. त्यांना "अर्धा इंची" म्हणतात आणि त्यांचा बाहेरचा व्यास भरतो जवळपास 21 मि.मी.! तो अर्धा इंच मुळात पाइपच्या आतल्या पोकळीचा.

अनोळखी बोल्ट आला तर आधी कॅलिपरने व्यास, मग पिच गेजने (आट्यांमधलं अंतर तपासायच्या दातेरी पट्ट्यांनी) आटे, आणि सगळ्यात शेवटी पाना. गेज नसेल तर ओळखीचा बोल्ट शेजारी धरून दोघांचे आटे एकमेकांत बसवा आणि उजेडासमोर धरा. टोकापासून टोकापर्यंत कुठेही फट दिसली, तर ओळखीच्या बोल्टचा नट अनोळखीवर फिरवूच नका.