क्लॉज की फ्रेज? वाक्याचा काळ बदलून बघा

दापोलीकडे दहावीला इंग्रजी शिकवताना मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती या एका गोंधळाची. मुलं लांबी बघतात: मोठा तुकडा म्हणजे क्लॉज, छोटा म्हणजे फ्रेज. पण 'इट रेन्ड' हे दोनच शब्द असूनही क्लॉज, कारण त्यात कर्ता आहे आणि काळ दाखवणारं क्रियापद आहे. 'द ओल्ड बोट विथ अ टॉर्न नेट निअर द जेटी' यात दहा शब्द, पण क्रियापदच नाही. ती फ्रेज.

पहिल्या शब्दावरही भिस्त ठेवू नका. 'आफ्टर द रेन' ही फ्रेज, 'आफ्टर द रेन स्टॉप्ड' हा क्लॉज. बिफोर, अंटिल, सिन्स यांचंही तसंच. इथे मराठीची सवय आड येते. 'पाऊस थांबल्यावर होड्या निघाल्या' यातल्या 'थांबल्यावर'ला स्वतःचा काळ नाही. इंग्रजीत मात्र त्याच जागी 'स्टॉप्ड' हे पूर्ण क्रियापद येऊन बसतं.

खरी कसोटी लागते ती अशा वाक्यात: 'द फिश सोल्ड अ‍ॅट हर्णै वॉज फ्रेश.' 'सोल्ड' दिसलं की मुलं क्लॉज म्हणून मोकळी होतात. वाक्य वर्तमानकाळात आणा: 'द फिश सोल्ड अ‍ॅट हर्णै इज फ्रेश.' 'वॉज'चं 'इज' झालं, 'सोल्ड' जागचं हललं नाही. म्हणजे 'सोल्ड अ‍ॅट हर्णै' ही फ्रेज, कुठली मासळी ते सांगणारी. आता 'द फिश वी बॉट अ‍ॅट हर्णै वॉज फ्रेश' घ्या. रोजची गोष्ट म्हणून सांगितलं की 'बॉट'चं 'बाय' होतं, आणि 'वी' हा कर्ता समोरच आहे. हा क्लॉज, फक्त 'दॅट' गाळलंय.

कॉलेजात गेल्यावर 'सोल्ड अ‍ॅट हर्णै' किंवा 'स्टँडिंग ऑन द जेटी' यांना नॉन-फायनाइट क्लॉज (काळ न दाखवणाऱ्या क्रियापदाचा क्लॉज) म्हटलेलं आढळेल. तेही बरोबरच, मांडणी वेगळी. दहावीच्या पेपरात मात्र फ्रेजच लिहा.

'कॉम्प्लेक्सचं सिंपल करा', म्हणजे मुख्य क्लॉजला दुसरा क्लॉज जोडलेलं वाक्य एकाच क्लॉजचं करा, हा प्रश्न याच फरकावर उभा आहे. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते. 'व्हाइल द बॅन लास्ट्स, द बोट्स स्टे अशोर' हे कॉम्प्लेक्स. क्लॉज काढून फ्रेज घातली, 'ड्युरिंग द बॅन, द बोट्स स्टे अशोर', की झालं सिंपल. पण 'ड्युरिंग द बॅन लास्ट्स' लिहिलंत तर मार्क गेले, कारण 'ड्युरिंग'नंतर क्लॉज येत नाही.