निरंक आणि कोरा कागद

गावातून तालुक्याला जे मासिक तक्ते जातात, त्यांत एक शब्द हमखास दिसतो : निरंक. साथीचे रुग्ण, निरंक. प्रलंबित तक्रारी, निरंक. तो रकाना नुसता मोकळा सोडला तर वरून फोन येतो, कारण मोकळा रकाना म्हणजे माहितीच आली नाही, आणि निरंक म्हणजे कोणीतरी पाहिले, मोजले, काही सापडले नाही. आमच्याकडे अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना?’ असे विचारले की ‘काहीच नही’ असे उत्तर येते. उत्तर देणारा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असतो, म्हणजे तेही अगदीच ‘काहीच नही’ नसते.

‘काहीच नाही’ म्हणजे काय आणि तसे काही असू तरी शकते का, या प्रश्नाचा प्रवास फार जुना आहे. त्यातले दोन मुक्काम जळगाव जिल्ह्यात पडतात. एक सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणला, दुसरा तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला. पहिला गणिताचा, दुसरा अध्यात्माचा.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला पाटणादेवीच्या जंगलात आज लोक दर्शनाला आणि पावसाळ्यात धबधब्याला जातात. यादवकाळी तिथे नांदते गाव होते. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिले. लेख संस्कृतात चालतो आणि शेवटी मराठीत उतरतो. बाजारातल्या मालावरचा कर मठाला, घाण्यांमागे तेलाची पळी मठाला, असा तो व्यवहार आहे. राजाची स्तुती संस्कृतात आणि तेलाचा हिशेब मराठीत, हे मला फार आवडते.

भास्कराचार्य स्वतः पाटणचेच होते का, यावर वाद आहे. त्यांनी आपले गाव ‘विज्जलविड’ सांगितले, सह्याद्रीच्या आश्रयाला, आणि ते नेमके कुठले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. खानदेशी माणसाला त्यात शंका वाटत नाही, पण तो भाग सोडू. जन्मसाल मात्र त्यांनीच दिले आहे : ‘रसगुणपूर्णमही’. जुन्या रीतीने शब्दांतून अंक सांगायचे आणि ते उजवीकडून मांडायचे. रस सहा, गुण तीन, मही म्हणजे पृथ्वी एक. मधला ‘पूर्ण’ म्हणजे शून्य. झाले शके १०३६, इ.स. १११४. शून्यासाठी ख, गगन, अंबर असे आकाशाचे शब्द चालत, तसाच ‘पूर्ण’ही चाले. रिकामे आणि भरलेले यांना एकच खूण.

शून्य त्यांनी शोधले, असे शाळेत कोणी सांगितले असेल तर ते विसरावे. भास्कराचार्यांच्या जवळजवळ पाचशे वर्षे आधी, ६२८ साली, भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने शून्याच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम दिले होते. त्याचे शून्य वहीतून आल्यासारखे आहे : सारखेच धन आणि सारखेच ऋण एकत्र आले की शून्य. म्हणजे देणे-घेणे मिटले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या लेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आजही दिसतात. अडचण होती ती भागाकाराची. ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागून शून्य काढले. नवव्या शतकातला जैन गणिती महावीर म्हणाला, शून्याने भागले तरी संख्या जशीच्या तशी राहते. दोन्ही उत्तरे आज कोणी मान्य करणार नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ हे नाव दिले. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. प्रलयात सगळे जीव अच्युतात शिरतात आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी त्याला फरक पडत नाही, तशी. ‘लीलावती’त तर त्यांनी एक गमतीचे उदाहरण घातले आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात तिचे निम्मे मिळवले, तिप्पट केली, शून्याने भागली, आले ६३. संख्या कोणती? उत्तर १४. पुढे शून्याने भागायचे बाकी असेल तर शून्याने गुणलेली संख्या लगेच पुसू नका, एवढीच त्यांची अट. आजचा शिक्षक याला भोपळा देईल. पण नाहीशी झालेली संख्या मागे काही खूण ठेवून जाते, हा विचार मला त्या चुकीपेक्षा मोठा वाटतो.

ही खूणच तत्त्वज्ञांच्या भांडणाचे मूळ आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त सुरुवातीला असतही नव्हते आणि सतही नव्हते म्हणते. छांदोग्य उपनिषद उलट विचारते, असतातून सत निघेलच कसे? न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांनी आणखी रोखठोक प्रश्न घेतला : जमिनीवर घडा नाही, तर ते ‘नसणे’ कुठे आहे? दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत त्यांनी अभावाला, म्हणजे नसण्याला, सातवा पदार्थ (जगातल्या गोष्टींचा सातवा वर्ग) म्हणून जागा देऊन टाकली. त्याचे चार प्रकार. मडके घडण्याआधीचे नसणे, फुटल्यानंतरचे नसणे, कधीच नसणे आणि मडके म्हणजे वस्त्र नव्हे हे नसणे. प्रत्येक अभावाला दोन गोष्टी लागतात : काय नाही ते, आणि कुठे नाही ते. कुमारिल भट्टाच्या मीमांसकांनी तर हे नसणे कळण्यासाठी ‘अनुपलब्धि’ हे वेगळे प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचे साधनच, मानले. दिसायला हवे होते, पाहिले, दिसले नाही. आमच्या तक्त्यातला निरंक तो हाच.

बौद्ध शून्यवादाचा इथे नेहमी घोळ होतो. पाटणपासून जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, खानदेशच्या सीमेवर अजिंठा आहे, त्यामुळे आमच्याकडे हा विषय परका नाही. नागार्जुनाची शून्यता म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. कुठलीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी नाही, सगळे एकमेकांच्या आधाराने आहे, एवढेच तो सांगतो. शून्यतेलाच जो घट्ट धरून बसेल त्याच्यावर उपाय नाही, हेही त्याने बजावले आहे.

आता दुसरा मुक्काम. संगमावरचा चांगदेव हा पाटणच्या मठवाल्या चांगदेवापासून वेगळा. नावामुळे लोक दोघांची सरमिसळ करतात. परंपरा सांगते की या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने पोर. मायना सुचेना, म्हणून कोरा कागदच धाडला. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोरेपणाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. कागद निरंक नव्हता. त्यावर न लिहिलेला मायना होता, आणि तो कशाच्या जागी नव्हता हे वाचणाऱ्याला कळत होते.

‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर शून्यवाद्यांना जे विचारतात ते मला या साऱ्या वादातले सर्वांत टोकाचे वाटते. दिवा मालवताना मालवणाराही मालवला, तर दिवा नाही हे कळणार कोणाला? सगळेच नाही असे म्हणायला निदान म्हणणारा उरावा लागतो.

युरोपातला रस्ता वेगळा आणि उशिराचा. ॲरिस्टॉटलने पोकळी अशक्य ठरवली होती. १६४३ साली तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने पाऱ्याने भरलेली नळी पालथी घातली, पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि वर पोकळी राहिली. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी का आहे, हा जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझचा प्रश्न १७१४ चा. पुढे १९४८ मध्ये कासिमिर या डच शास्त्रज्ञाने गणित मांडले की पोकळीत अगदी जवळ ठेवलेले धातूचे दोन पत्रे एकमेकांकडे ओढले जातील, आणि १९९७ मध्ये ती ओढ नीट मोजलीही गेली. म्हणजे प्रयोगशाळेतली पोकळीही आमच्या ओट्यावरच्या माणसासारखीच निघाली.

पाटणचा मठ आज नाही. वैशेषिकांच्या हिशेबात हा फुटल्यानंतरचा अभाव, आणि काय नाही व कुठे नाही ही दोन्ही उत्तरे त्याला आहेत. कोणी काढला, कशासाठी काढला आणि घाण्यामागे किती तेल मिळायचे, ते सगळे दगडावर लिहिलेले आहे.