तरुण घोड्याचे मागचे पाय आखडतात तेव्हा: ताकदीचे व्यायाम

अडीच-तीन वर्षांचा घोडा सकाळी तबेल्यातून बाहेर काढला की पहिली आठ-दहा पावले मागचे पाय ओढतो, मग मोकळा होतो. किंवा वळताना एक पाय क्षणभर मागेच ताठ राहतो आणि झटक्याने सुटतो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक या दोनच.

झटक्याने सुटणाऱ्या पायात बहुधा गुडघ्याची वाटी अडकत असते. घोडा उभ्याने डुलकी घेतो ती याच वाटीच्या जोरावर. मांडीच्या हाडाच्या आतल्या कंगोऱ्यावर वाटीचा बंध अडकला की पायाला कुलूप बसते. पाऊल उचलताना मांडीच्या पुढच्या स्नायूने वाटी वर ओढून ते काढायचे असते. उंची झपाट्याने वाढली आणि स्नायू मागे राहिला, तर कुलूप वेळेवर निघत नाही. म्हणून अशा घोड्याला ‘आराम’ म्हणून महिनाभर बांधून ठेवू नका. त्रास हमखास वाढतो.

पण आधी पशुवैद्याला दाखवा. सांध्यात पाणी भरल्यासारखी सूज असेल किंवा घोडा स्पष्ट लंगडत असेल, तर एक्स-रे होईपर्यंत व्यायाम नको. पुठ्ठे (कमरेमागचा, मांड्यांवरचा मांसल भाग) दगडासारखे घट्ट, अंगाला घाम आणि लघवी कॉफीच्या रंगाची दिसली, तर घोड्याला एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना तिथेच बोलवा. कामाला सुट्टी आणि हरभऱ्याचा रतीब मात्र पूर्ण, यातून हे पुष्कळदा होते. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा.

पहिले दोन आठवडे हातात धरून फक्त चालवा: दोन वेळा, वीस-वीस मिनिटे, सरळ रेषेत. नंतर चढ घ्या. वीस फुटांना एक-दीड फूट चढणारा मुरमाड रस्ता पुरे, टेकडीची खडकाळ वाट नको. चढताना मागचे पाय पोटाखाली येतात आणि हवा तो स्नायू काम करतो. उतरताना सावकाश, कारण उताराचा ताण गुडघ्यावरच येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घसरतो, त्या दिवशी चढ सोडा.

तिसऱ्या आठवड्यापासून जमिनीवर चार दांडे ओळीने आडवे टाका आणि घोड्याला ते ओलांडायला लावा. चालीसाठी अंतर पावणेतीन फूट, दुडकीसाठी सव्वाचार. बुटक्या घोड्याला तीन-चार इंच कमी. मागचा खूर दोन दांड्यांच्या बरोबर मधे पडला पाहिजे. खूर दांड्याला लागत असेल तर चूक घोड्याची नाही, अंतराची आहे. गोल बांबू पायाखाली घरंगळतो, म्हणून चौकोनी वासा घ्या किंवा दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या लावा.

मागे सरकवणे रोज तीन वेळा, पाच-सहा पावले. मान खाली हवी. लगाम खेचून मान वर गेली तर पाठ खोल जाते आणि व्यायाम वाया जातो.

शेपटीचा व्यायाम मोतद्दाराला समोर करून दाखवावाच लागतो. पुठ्ठ्याच्या बाजूला अंग चिकटवून उभे राहायचे, मागे कधीच नाही. शेपूट हळू आपल्याकडे ओढायची. घोडा तोल सावरायला अंग ताठ करतो, तेव्हा मांडीवर हात ठेवलात तर स्नायू टणक झालेला लागतो. पाच सेकंद धरा, हळूहळू सोडा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा.

लंजवर, म्हणजे लांब दोरीवर, लहान गोलात फिरवणे बंद ठेवा. वरातीसाठी मागच्या पायांवर नाचवायला शिकवणे तर या वयात नकोच. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशामुळे बाहेर काढता आले नाही, तर पहाटे तरी चालवून आणा. उन्हाळ्यात सगळे काम सकाळी आठच्या आत.

नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवा. खुराचे टोक लांब राहिले की पाऊल उशिरा उचलले जाते. तबेल्यात शहाबादी फरशी असेल तर रबरी मॅट टाका.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. दर रविवारी त्याच जागी, मागून आणि बाजूने, चालताना मोबाइलवर चित्रण करा आणि पुढच्या तपासणीला सोबत आणा.