रॅझदुगी: मुफलिसचा अमेरिकन चुलतभाऊ

दिवाळीच्या रात्री पंचवटीतल्या वाड्यात काय किंवा सिडकोतल्या गच्चीवर काय, तीन पत्ती रंगात आली की कुणीतरी ‘मुफलिस’ पुकारतंच. मग ट्रेल आलेला कपाळावर हात मारतो आणि सगळ्यात फुटकी पानं असलेला डाव उचलतो. रॅझदुगी हा पोकरचा प्रकार समजायला नाशिककरांना एवढी तयारी पुरे. फक्त इथे फुटकेपणाच्या कसोट्या दोन आहेत, आणि मधली रक्कम निम्मी-निम्मी वाटली जाते.

ह्यातला सगळ्यात जुना धागा स्टडचा. काही पानं उघडी, काही झाकलेली वाटण्याची ही पद्धत अमेरिकेत यादवी युद्धाच्या सुमारास रुळली. सात पानी स्टड पुढचा: आधी दोन झाकलेली आणि एक उघडं, मग एकेक करून तीन उघडी, शेवटचं पुन्हा झाकलेलं. आठ जण बसले आणि कुणीच पॅक झालं नाही, तर ५६ पानं लागतात. गड्डी ५२ ची. अशा वेळी शेवटचं एकच पान मध्ये उघडं ठेवतात आणि ते सगळ्यांचं धरतात.

लोबॉलची, म्हणजे हलक्या पानांनी जिंकण्याची गोष्ट जास्त मजेशीर आहे, कारण ती कायद्याने घडवली. कॅलिफोर्नियाने १८८५ मध्ये स्टडवर नावानिशी बंदी घातली. पानं बदलून खेळायचा ड्रॉ पोकर मात्र कौशल्याचा, म्हणून त्या बंदीत येत नाही, असं मत तिथल्या ॲटर्नी जनरलने १९११ मध्ये दिलं. त्यामुळे गार्डिना गावच्या क्लबांत लोबॉल फोफावला, पण ड्रॉच्या रूपात; स्टडला तिथे १९८७ पर्यंत थांबावं लागलं. शेजारच्या नेवाडात १९३१ पासून जुगाराला मुभा होती. लास व्हेगासच्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये सात पानी लोबॉल, म्हणजे रॅझ, १९७१ पासूनच दिसतो. आपली पहिली कसोटी हीच: सातांतली सगळ्यात हलकी पाच पानं ज्याची, तो जिंकतो.

दुसरी कसोटी बदुगीची. हा चार पानी खेळ कोरियातला मानतात. चारही पानं वेगळ्या रंगांची आणि वेगळ्या किमतीची हवीत. एक्का सगळ्यात लहान. रंग जुळला की एक पान बाद.

आता हात पाहा. एकाकडे इस्पिक एक्का, बदाम दुर्री, चौकट चव्वी, किल्वर पंजी, इस्पिक सत्ती आणि दोन मोठी पानं. दुसऱ्याकडे किल्वरचे एक्का, दुर्री, तिर्री, इस्पिकची चव्वी आणि छक्की. उरलेली दोनही काळीच. रॅझमध्ये छक्कीवाला सत्तीवाल्याला हरवतो, निम्मी रक्कम त्याची. बदुगीत मात्र त्याची दोनच पानं धरली जातात आणि पहिल्याची चारही. उरलेली निम्मी पहिल्याची. तीच पानं दोन्हीकडे मोजता येतात, म्हणून जाणता खेळाडू पहिल्या तीन पानांतच रंग पाहतो. नुसती लहान पानं बघून जो पुढे जातो, तो बहुतेक वेळा अर्ध्यासाठी पूर्ण पैसे मोजतो.

सुरुवातीची सक्तीची बोली ज्याचं उघडं पान सगळ्यात मोठं त्याची. राजा आला की दंड! पुढच्या फेऱ्यांत मात्र ज्याची उघडी पानं सगळ्यात हलकी, तो आधी बोलतो.

कौशल्य की नशीब, हा कॅलिफोर्नियातला वाद आपल्याकडेही जुनाच. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता तो भेदच पुसला.