व्हिर्तानेन यांचा आंबट चारा: ‘एआयव्ही’ पद्धतीची पार्श्वभूमी

मुरघासाला, म्हणजे ओलाच दाबून आंबवून टिकवलेल्या चाऱ्याला, रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले आहे. १९४५ चे ते पारितोषिक फिनलंडच्या आर्तुरी इल्मारी व्हिर्तानेन यांना एकट्याला देण्यात आले आणि मानपत्रात चारा टिकवण्याच्या पद्धतीचा वेगळा उल्लेख करण्यात आला. मुरघासाच्या बॅगा आज आपल्याकडे गावोगावी दिसतात. त्यामागचे सामूचे, म्हणजे पीएचचे (आम्लपणा जितका जास्त तितका हा आकडा कमी), गणित नीट सोडवणारा हा प्राध्यापक मात्र दूध उत्पादकांच्या बोलण्यात सहसा येत नाही.

व्हिर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ चा, हेलसिंकीचा. १९१९ मध्ये डॉक्टरेट झाली, पुढे झुरिक आणि स्टॉकहोमला आणखी अभ्यास झाला. पण त्यांना घडवले ते विद्यापीठापेक्षा व्हालिओ या सहकारी महासंघाने. लोणी परदेशी विकण्यासाठी फिनलंडमधल्या दूध सहकारी संस्थांनी तो १९०५ मध्ये स्थापन केला होता. १९२१ मध्ये व्हिर्तानेन त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९३१ मध्ये ते हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३९ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात गेले. मधल्या काळात, १९३३ मध्ये, त्यांनी शहराजवळ शेत विकत घेतले. प्रयोगशाळेत निघालेला निष्कर्ष मातीत आणि गव्हाणीत टिकतो का, हे तिथे पाहता येत असे. राहणी साधी होती. मोटार त्यांनी कधी घेतली नाही.

व्हालिओतले त्यांचे सुरुवातीचे एक काम लोण्याचे होते. आंबवलेल्या सायीचे लोणी साठवणुकीत आणि जहाजाच्या प्रवासात लवकर बिघडते, कारण त्यातला आम्लपणाच बिघाडाला हातभार लावतो. व्हिर्तानेन यांनी डायसोडियम फॉस्फेट घालून लोण्याचा सामू वर नेला आणि लोणी जास्त टिकू लागले. ‘एआयव्ही मीठ’ या नावाने ते फिनलंडमध्ये बरीच वर्षे वापरात होते. ही तिन्ही अक्षरे त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. लोणी टिकवायला सामू वर न्यायचा आणि चारा टिकवायला खाली ओढायचा, असा हा उलटसुलट कारभार. हाताशी मोजमाप नसेल तर दोन्हीकडे नुसती अटकळच उरते.

चाऱ्याचा प्रश्न फिनलंडमध्ये जास्त बिकट होता. तिथे गाई वर्षातले सात-आठ महिने गोठ्यातच असतात. उन्हाळा लहान आणि त्यातही पाऊस, त्यामुळे क्लोव्हरसारखा प्रथिनांचा चारा वाळवायला टाकला की पाने गळतात, कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते ते पिवळे द्रव्य) जाते आणि उरतो तो बहुतेक काड्यांचा भारा. मग ओलाच चारा दाबून ठेवण्याचा पर्याय राहतो. ही कल्पना व्हिर्तानेन यांची नव्हे. मक्याचा चारा खड्ड्यात दाबून टिकवण्याचे तंत्र फ्रान्सच्या ऑगस्त गोफार यांनी १८७७ मध्येच छापून प्रसिद्ध केले होते. पण मका वेगळा आणि क्लोव्हर वेगळे.

कापलेले झाड लगेच मरत नाही. खड्ड्यात हवा असेपर्यंत पेशी श्वसन करतात, साखर जळते आणि चारा तापतो. त्याच वेळी झाडातलीच विकरे (एन्झाइम) प्रथिने तोडू लागतात. हवा संपली की जिवाणूंची चढाओढ सुरू होते. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पुढे गेले तर दुधाला विरजण लागावे तसा चारा आंबतो आणि टिकतो. ते मागे पडले तर क्लॉस्ट्रिडियम गटाचे जिवाणू फोफावतात. ते लॅक्टिक आम्लच खाऊन ब्युटिरिक आम्ल तयार करतात, सामू पुन्हा वर चढतो, प्रथिनांचा अमोनिया होतो आणि खड्डा उघडल्यावर खवट तुपाचा घाणेरडा दर्प येतो. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. या जिवाणूंचे बीजाणू शेणातून कासेवर आणि तिथून दुधात जातात. पाश्चरीकरणाने ते मरत नाहीत. एमेंटालसारखे महिनोन्‌महिने मुरणारे चीज त्यांच्यामुळे आतून फुगते आणि तडकते. चीज आणि लोणी विकणाऱ्या सहकारी संघाच्या रसायनशास्त्रज्ञाने खड्ड्यातल्या चाऱ्यात लक्ष का घातले असावे, हे यावरून कळते.

जिवाणूंनी आम्ल तयार करण्याची वाट का पाहायची, ते आपणच पहिल्या दिवशी घालू, असा व्हिर्तानेन यांचा विचार होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पद्धत तयार झाली. सामू ४ च्या खाली आणला की श्वसन, प्रथिनांची मोडतोड आणि ब्युटिरिक आंबवण, तिन्ही जवळजवळ थांबतात. फार खाली, ३ च्याही पलीकडे नेण्याची गरज नाही. तेवढ्याने जनावराचेच नुकसान होते. चाऱ्याचा मूळ सामू ६ च्या आसपास असतो. तो ४ वर आणायचा म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण शंभरपट करायचे.

त्यासाठी हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण वापरले जाई. तीव्र आम्ल पाण्यात ओतून ते दोन नॉर्मलपर्यंत (नॉर्मल हे आम्लाची तीव्रता मोजण्याचे एकक) सौम्य करायचे. पाणी आम्लात ओतायचे नाही, कारण तसे केले तर उकळी फुटून आम्ल अंगावर उडते. १०० किलो ओल्या चाऱ्याला असे ५ ते ७ लिटर द्रावण लागे. गवताला कमी आणि क्लोव्हरला जास्त. चाऱ्याचा थर पसरायचा, त्यावर झारीने द्रावण शिंपायचे, पायांनी तुडवायचे, मग पुढचा थर. कोरडा राहिलेला एखादा गठ्ठा आतल्या आत कुजतो आणि शेजारचा चाराही बिघडवतो, म्हणून मात्रेइतकेच महत्त्व सारखे शिंपण्याला होते. शेवटी वर जड वजन ठेवायचे.

अडचणी होत्याच. आम्लाने कपड्यांना भोके पडत, कातडी भाजे, लोखंडी अवजारे गंजत आणि काँक्रीटच्या खड्ड्यांची भिंत खाल्ली जाई. तिला आतून आम्ल न लागणारा लेप द्यावा लागे. गाईच्या पोटातही हिशेब होता. लॅक्टिक आम्ल शरीरात जळून जाते, पण क्लोराइड आणि सल्फेट जळत नाहीत, ते लघवीवाटेच बाहेर पडायला हवेत. म्हणून या चाऱ्यासोबत खडूची भुकटी आणि सोडा देत. ते विसरले तर गाईची आम्ल-अल्कली पातळी ढळते. पुढे खनिज आम्लांची जागा फॉर्मिक आम्लाने घेतली त्यामागे हेही एक कारण आहे. ते सेंद्रिय असल्यामुळे शरीरात मोडते आणि ८५ टक्के तीव्रतेचे टनाला ४-५ लिटर पुरते. एआयव्ही हे नाव मात्र फिनलंडमध्ये तसेच चालू राहिले.

फायदा ग्राहकाच्या ताटातही दिसला. उन्हात वाळलेल्या गवतात कॅरोटीन फारसे उरत नाही, आम्लात ठेवलेल्या चाऱ्यात बरेच टिकते. त्यामुळे हिवाळ्यातले लोणी पांढुरके न राहता पिवळे आले आणि त्यात अ जीवनसत्त्वही अधिक होते.

महाराष्ट्रात मुरघास म्हटले की मका, आणि मक्याला आम्ल घालावे लागत नाही. दाणा चिकात असताना, ६५ ते ७० टक्के ओलाव्यावर कापून २ सेंटिमीटरची कुट्टी केली आणि ट्रॅक्टरने घट्ट दाबली, तर त्यातली साखर लॅक्टिक जिवाणूंना पुरते. ४५ दिवसांत सामू ४ च्या आसपास येतो. इथे बिघाड बहुतेक दाबण्यात होतो. बॅगेत हवा राहते, उंदीर भोक पाडतो किंवा खड्डा भरायला चार-पाच दिवस लावले जातात आणि बुरशी धरते. लसूणघासाची गोष्ट निराळी. साखर कमी, प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर, त्यामुळे तयार होणारे आम्ल शोषले जाते आणि सामू खाली उतरत नाही. हा व्हिर्तानेन यांच्या क्लोव्हरचाच प्रश्न. मक्याचा अनुभव धरून लसूणघासाची हिरवीगार कुट्टी तशीच बॅगेत भरणारे इथेच फसतात. ती आधी सुकवून ओलावा उतरवावा, मग १०० किलोला २ किलोच्या आसपास गूळ पाण्यात कालवून शिंपावा, किंवा मक्याच्या कुट्टीत थोडी-थोडी मिसळावी. आम्लाचे कॅन हाताळण्यापेक्षा आपल्याकडे हेच सोयीचे.

उतारवयात व्हिर्तानेन दुसऱ्या प्रश्नाकडे वळले: गाईला खुराकात प्रथिने द्यायलाच हवीत का? शुद्ध सेल्युलोज, स्टार्च, साखर आणि थोडे तेल, नायट्रोजनसाठी फक्त युरिया आणि अमोनियम क्षार, अशा खाद्यावर त्यांनी गाई ठेवल्या. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा खाद्यावर वर्षाला ४,००० किलोंहून अधिक दूध देणारी गाय होती. प्रथिने बनवली ती कोठीपोटातल्या, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, जिवाणूंनी, अमोनियापासून. पण गाईंना या खाद्याची सवय हळूहळू लावावी लागली. जिवाणूंना अमोनिया वापरण्याचा वेग गाठायला वेळ लागतो आणि त्याआधी युरिया वाढवला तर अमोनिया रक्तात जाऊन विषबाधा होते.

गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करताना पोटातले रसायन हेच असते: १०० किलो काडाला ४ किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपायचा, दाबून हवाबंद झाकायचे आणि २१ दिवसांनी उघडायचे. युरिया पूर्ण विरघळलेला हवा, तळाशी खडे राहिले तर एखाद्या जनावराच्या वाट्याला सगळी मात्रा एकदम येते. उघडल्यावर रोजच्या पुरते काड काढून तासभर पसरून ठेवावे, म्हणजे सुटा अमोनिया उडून जातो. सुरुवात थोड्या काडाने करून आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे काड देऊ नये, कारण त्यांच्या कोठीपोटात जिवाणूंची वस्ती अजून पुरती जमलेली नसते.